चाळीसचा दर चुकला नव्हता, गाड्या हलल्या नव्हत्या

पत्र: ताई, मी डिचोलीचा, वय एकोणतीस. सहा वर्षं रोड मार्किंगच्या एका कंत्राटदाराकडे होतो, गेल्या दसऱ्याला स्वतःचं काम सुरू केलं. जुनं एअरलेस मशीन, म्हणजे दाबाने रंग फवारणारं, १ लाख १० हजारांना घेतलं. पिकअपचा हप्ता महिना ९ हजार. दोन हेल्पर हजेरीवर, प्रत्येकी ८००. पार्किंगचे पट्टे रनिंग मीटरला ४० रुपयांनी मारतो. मार्चमध्ये पर्वरीच्या एका सोसायटीचे ३६ स्लॉट केले. २८० मीटर भरले, ११,२०० चं बिल झालं. पण लोकांनी गाड्याच वेळेवर हलवल्या नाहीत, दोन कोट पुरे करायला तीन दिवस जावं लागलं. शेवटी खिशातून सहा-सातशे रुपये गेले. आता कळंगुटचं एक हॉटेल ५० स्लॉटसाठी रेट लिस्ट मागतंय. काम रात्री करा म्हणतात. शिवाय दुसऱ्या पार्टीने मीटरला २८ दिलाय असंही सांगतात. मी दर उतरवू की मीटर सोडून स्लॉटवर लावू? थर्मो, म्हणजे वितळवलेल्या मालाचे जाड पट्टे मारणं, शिकून घेऊ का? आणि पावसाचे चार महिने काय करू?

उत्तर: भाऊ, आधी त्या सहा-सातशे रुपयांचं बोलू या, कारण तो आकडा खोटा आहे. तुम्ही खोटं लिहिलंत असं नाही. तुमचा खिसा तुमच्याशी खोटं बोलला.

मी फोंड्यात पंचवीस वर्षं आमच्या पेंटिंग कंत्राटाच्या वह्या लिहिल्या. मालक साइटवर आणि मी वहीवर, अशी आमची वाटणी. त्यामुळे रंगापेक्षा मला आकडे जास्त कळतात. तर वही उघडू. २८० मीटर पट्टा, रुंदी १०० मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मीटर. दोन कोट म्हणजे ५६. पेव्हर ब्लॉकवर लिटरमागे चार चौरस मीटरच्या वर जात नाही हा आमचा अनुभव. १४ लिटर रंग लागला. लिटरला २६० धरले तर ३,६४०, वर थिनर, टेप, रोलर वगैरे ७००. झाले ४,३४०. हेल्परांचे रोजचे १,६००, चहा-जेवण ३००, डिझेल ६००, म्हणजे दिवसाला २,५०० आणि तीन दिवसांचे ७,५००. एकूण रोख गेली ११,८४० आणि आले ११,२००. तुमचे सहा-सातशे म्हणजे हेच ६४०.

पण मशीन फुकट चाललं का? पिकअपचा हप्ता त्या तीन दिवसांपुरता बँकेने माफ केला का? आणि तुम्ही स्वतः तीन दिवस उन्हात उभे होता, त्याचं काय?

वर्षाचा हिशेब मांडा. मशीन चार वर्षं टिकेल धरलं तर वर्षाला २७,५००. पिकअपचे हप्ते १,०८,०००. विमा, दुरुस्ती, मशीनचे टिप (रंग बाहेर पडतो ते तोंड) आणि पॅकिंग मिळून ३०,०००. फोन आणि किरकोळ १२,०००. आणि तुमचा पगार. हो, पगारच. जुन्या मालकाकडे होता तेव्हा घेतच होता ना? महिना २५ हजार धरू, वर्षाचे ३ लाख. सगळं मिळून ४,७७,५००.

आता ही रक्कम किती दिवसांवर वाटायची? इथेच नवा माणूस फसतो. तो ३६५ ने भागतो, फार तर ३०० ने. गोव्यात जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काम जवळजवळ बंद. पाऊस ओसरला तरी चवथीच्या आसपास हेल्पर गावाला जातात, पुढे दिवाळी, डिसेंबरचा नाताळ, शिगमा, गावोगावच्या जत्रा. एखादी ऑक्टोबरातली सरही दोन दिवस खाऊन जाते. उरलेल्या आठ महिन्यांत, नव्या माणसाला, खरोखर पट्टा मारला असे १२० दिवस मिळाले तर मी त्याला नशीबवान म्हणेन. ४,७७,५०० भागिले १२०, म्हणजे दिवसाला सुमारे ४,०००.

म्हणून तुमचा एक दिवस, रंगाचा डबा उघडण्याआधीच, ६,५०० रुपयांचा आहे. तीन दिवसांचे १९,५०० आणि सामान ४,३४०, मिळून २३,८४०. पर्वरीत तुमचे १२,६४० रुपये गेले. ६४० तेवढे दिसले, कारण तेवढेच त्या आठवड्यात खिशातून निघाले.

आता गंमत बघा. हेच काम एका दिवसात, रिकाम्या लॉटमध्ये झालं असतं तर? ६,५०० अधिक ४,३४०, म्हणजे १०,८४०. ११,२०० च्या बिलात वर ३६० उरले असते. म्हणजे तुमचा चाळीसचा दर अगदी काठावरचा असला तरी रिकाम्या लॉटला धरून होता. तो तुम्ही गाड्यांनी भरलेल्या लॉटला लावलात. दोन दिवस लागले असते तर खर्चच मीटरला ६२ पडतो. पट्टा तोच, रंग तोच, माणसंही तीच. फरक फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गाडी हलवून किल्ली खाली पाठवली की नाही, एवढाच.

मीटर की स्लॉट या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणून असं: तुम्ही दिवस विकता. आतला हिशेब दिवसाचा करा. गिऱ्हाइकाला बाहेर तो मीटरमध्ये दाखवा, स्लॉटमध्ये दाखवा, नाहीतर एकरकमी. त्याला जे समजेल ते. सोसायटीच्या सेक्रेटरींना स्लॉटचा भाव पटकन कळतो, कारण त्यांना तो मीटिंगमध्ये घरटी वाटून सांगायचा असतो. इंजिनिअर असलेल्या कंपनीला, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, मीटर किंवा चौरस मीटरच लागतो.

आणि कोटेशनमध्ये एक आकडा देऊ नका, दोन द्या. खर्चावर २० टक्के धरा. यात नफा कमी आणि जोखमीची तरतूद जास्त आहे: टिप तुंबते, रंग सांडतो, एखादी ओळ परत मारावी लागते. पर्वरीसाठी ते असं झालं असतं: ‘संपूर्ण पार्किंग एक दिवस सकाळी ९ ते संध्याकाळी ५ रिकामं मिळाल्यास १३,०००. दोन टप्प्यांत, दोन दिवसांत, २०,८००.’ खाली एक ओळ: ‘गाडी न हलवल्यामुळे राहिलेल्या भागासाठी परत यावं लागल्यास प्रत्येक फेरीचे ४,००० वेगळे.’ सेक्रेटरी ७,८०० चा फरक वाचतात आणि स्वतःच व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाड्या हलवायला सांगायला लागतात. तुम्ही दहादा सांगून जे झालं नाही ते त्या एका ओळीने होतं. आमच्याकडे झालं. एका बिल्डिंगीत तर आदल्या रात्रीच सगळं मोकळं होतं, वॉचमन खुर्ची टाकून राखण करत बसला होता.

छोट्या कामांना किमान रक्कम ठेवा. चार स्लॉट आणि एक ‘नो पार्किंग’ एवढ्यासाठी कोणी बोलावलं तर मीटर मोजूच नका. त्या एकाच कामासाठी गाडी निघणार असेल तर ७,८०० च्या खाली जाऊ नका, त्याच वाटेवर दुसरं काम असेल तर अर्ध्या दिवसाचे ४,०००. आणि शुक्रवारी म्हापशात काम घेऊ नका. बाजाराच्या दिवशी पिकअप उभा करायला जागा शोधण्यातच अकरा वाजतात, आणि तो वेळ तुम्ही कोणत्या गिऱ्हाइकाच्या बिलात लावणार?

पट्ट्यांखेरीज जे काम असतं तिथे तुम्ही किती घेता ते पत्रात नाही. मला वाटतं फुकटच करत असाल. स्लॉटचे नंबर घ्या. स्टेन्सिल ठेवायचं, कडा दाबायच्या, मारायचं, अलगद उचलायचं, मागची बाजू पुसायची, नाहीतर पुढच्या आकड्याला डाग लागतो. एका नंबरला पाच मिनिटं धरली तरी ३६ नंबरांचे तीन तास झाले. दिव्यांगांच्या स्लॉटचं चिन्ह तर त्याहून वेळखाऊ. आधी निळा चौकोन मारा, तो सुकेपर्यंत थांबा, मग पांढरी खुर्ची. घाई केली की पांढरा आकाशी होतो. त्या स्लॉटची रुंदीही वेगळी, नेहमीच्या अडीच मीटरऐवजी ३.६ मीटर. त्यामुळे जुन्या आखणीत तो घुसवायचा तर शेजारच्या ओळी सरकतात. चिन्हाला ६०० आणि नंबरला ६० मागायला लाजू नका.

जुन्या दिसणाऱ्या ओळींवर मारणं वेगळं आणि कोऱ्या जमिनीवर आखणी करणं वेगळं. कोऱ्या जागी दोरी मारण्यातच अर्धा दिवस जातो. काटकोन जमत नाही, कारण गोव्यातल्या प्लॉटचं कुंपण क्वचितच सरळ असतं. आखणीचे पैसे स्वतंत्र लावा. जुन्या ओळी पुसून नव्या दिशेने मारायच्या असतील तर दोनदा विचार करा. काळ्या रंगाने जुनी ओळ झाकता येते, पण पाऊस पडून जमीन ओली झाली की ती भुतासारखी परत दिसते, मग ड्रायव्हर दोन ओळींच्या मध्ये गाडी तिरकी लावतो. ग्राइंडरने काढायची असेल तर तो दर पट्टा मारण्याच्या दरापेक्षा जास्तच असायला हवा. धूळ तुम्ही खाता.

जमीन कोणती आहे ते बघितल्याशिवाय फोनवर दर सांगू नका. आपल्याकडे पेव्हर फार. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळाचा थर असतो, चिऱ्याची लाल धूळ सांध्यांत बसलेली असते. शेवाळावर मारलेला रंग शेवाळासकट निघतो. प्रेशर वॉशरने धुणं वेगळं लावा आणि धुतल्यावर पूर्ण दिवस वाळू द्या. पेव्हरवर ओळ सांध्यासांध्यात तुटणार, गवत उगवलं की फाटणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा आणि तिथे गॅरंटी लिहून देऊ नका. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवस झाले का विचारा. हे मी शहाणपणाने नाही, पैसे भरून शिकले. फोंड्याकडच्या एका देवस्थानाची जत्रा तोंडावर होती, काँक्रीट टाकून दहा दिवस झाले होते, आणि आम्ही होकार दिला. जत्रा पार पडली. पंधरवड्यात पांढरे पोपडे पापडासारखे सुटून गटारात वाहून गेले. चूक आमची, परत मारून दिलं, फुकट.

आता तो २८ वाला. एकतर तो आहे की नाही हेच आधी ठरवा. ‘दुसऱ्या पार्टीने एवढा दिलाय’ हे वाक्य प्रत्येक हॉटेलच्या खरेदी विभागाच्या तोंडात असतं. असलाच, तर ५० स्लॉटच्या दोन रांगा, साधारण २६० मीटर, म्हणजे त्याला ७,२८० मिळणार. तेवढ्यात कसं बसवतो? एक कोट मारतो. पट्टा १०० ऐवजी ७५ मिलिमीटरचा ठेवतो, मीटरमागे पाव भाग रंग तिथेच वाचतो. थिनर ओततो. किंवा रोड मार्किंगच्या रंगाऐवजी दरवाजा-खिडकीचा ऑइल पेंट वापरतो. तो पहिल्या दिवशी तुमच्यापेक्षा जास्त चमकतो, हे मान्य करा! पण उन्हात त्याची चमक उडते, आणि ओला झाला की त्यावरून स्कूटर सरकते. त्याची निंदा करू नका. कोटेशनवर तुमचं काय ते लिहा: रंग रोड मार्किंगचा, आयएस १६४ (भारतीय मानक) प्रमाणे, पट्टा १०० मिलिमीटर, दोन कोट. आणि हॉटेलला एवढंच म्हणा की दुसऱ्या कोटेशनवरही या तीन गोष्टी लिहून मागा. दर मात्र उतरवू नका. काम त्याला गेलं तर जाऊ द्या. २८ ने घेतलेलं काम तुम्हाला घरी बसण्यापेक्षा महाग पडेल.

रेट लिस्ट देऊ नका, जागा बघून कोटेशन द्या. रेट लिस्ट म्हणजे तुमचे कपडे वेगळे काढून वेगवेगळ्या दुकानांत दाखवणं. पट्टा २८ वाल्याच्या दराने आणि नंबर तुमच्या दराने, अशी खिचडी मग समोरून येते.

रात्रीच्या कामाला मी नाही म्हणेन, आणि कारण पगाराचं नाही, दवाचं आहे. नोव्हेंबरपासून समुद्राकाठी पहाटे गाडीच्या काचा ओल्या असतात, जमीनही असते. हात लावला तर कळत नाही, रंगाला कळतं. हॉटेलचं पार्किंग खरं रिकामं असतं ते सकाळी ११ ते ३. चेक-आउट झालेलं, नवे पाहुणे यायचेत, आणि राहिलेले भाड्याच्या गाड्या घेऊन किनाऱ्यावर नाहीतर जुन्या गोव्याच्या चर्च बघायला गेलेले. एक दिवस जाऊन गेटवर उभे राहा आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्या कधी बाहेर पडतात ते मोजा. मग मॅनेजरला सांगा: दोन दिवस, रोज ११ ते ३, एका वेळी अर्धं पार्किंग. डांबरावर कडक उन्हात रंग अर्ध्या तासात गाडी सोसतो. त्या दोन दिवसांच्या सकाळी कांदोळी-साळगाव बाजूचं एखादं छोटं काम जोडा. तुमचा आकडा: दोन दिवसांचे १३,०००, डांबरावर ११ लिटर रंग आणि किरकोळ मिळून ३,५६०, वर २० टक्के. साधारण २०,०००. बाण, नंबर, चिन्हं वेगळी. सकाळचं छोटं काम खरंच मिळालं तर १७,००० पर्यंत उतरा, त्याखाली नाही.

पैशांचं. पात्रांव, म्हणजे मालक, गोड असतो, त्याचं अकाउंट्स गोड नसतं. ५० टक्के अॅडव्हान्स घेतल्याशिवाय दोरीसुद्धा काढू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा, फुकट आहे, घरबसल्या होते. ती असली की कायद्याने हॉटेलला तुमचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज, आणि वर्षअखेरीस थकलेलं असेल तर त्यांना तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही. हे बिलावर उद्यम नंबराखाली एका ओळीत लिहा. भांडायची वेळ सहसा येत नाही, त्यांचा सीए वाचतो. बिल ३० हजारांच्या वर गेलं तर १ टक्का टीडीएस कापतील, पॅन नाही दिलात तर २० टक्के. जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत तुम्हाला सक्तीची नाही. पण मग रंगावर भरलेला १८ टक्के कर तुमच्याच खर्चात बसतो, त्यामुळे रंगाचा भाव करासकट धरा.

थर्मो आता नको. तो अडीच मिलिमीटर जाड थर असतो, चौरस मीटरला जवळपास पाच किलो माल, १८० अंशांच्या वर वितळवायचा, बॉयलर, गॅस, तयार माणूस. रस्त्यावर दिवसाला हजारो चाकं जातात तिथे त्याला अर्थ आहे. स्लॉटच्या ओळीवर चाक क्वचितच येतं. हॉटेलने हट्ट धरला तर गेटवरचे बाण आणि झेब्रा तेवढे थर्मोचे करा, जुन्या ओळखीच्या माणसाकडून करून घ्या आणि त्याच्या बिलावर आपले १० टक्के ठेवा.

पावसाळ्याचं उत्तर तुमच्याच हिशेबात आहे. वर्षाचा स्थिर खर्च आपण १२० दिवसांवर वाटून टाकला. जुलैत मिळालेला १२१ वा दिवस त्या ओझ्यातून मोकळा. त्या दिवसाचा खर्च २,५०० आणि रंग. तेव्हा रंगाचे पैसे वेगळे लावून ४,५०० नी दिवस दिलात तरी २,००० सुटतात. म्हणून सवलत द्यायची तर तेव्हा द्या, ऑक्टोबरात हंगामाआधी सगळे हात जोडून मागतात तेव्हा नाही. इस्पितळांची तळघरं, मॉलचं खालचं पार्किंग, इमारतींचे स्टिल्ट (खांबांवरच्या इमारतीखालचं पार्किंग), यांना मे महिन्यातच भेटा. फक्त जुलैत तळघराच्या जमिनीला घाम सुटतो. दोन मोठे पंखे भाड्याने घ्या, आणि कोरडं व्हायला दुप्पट वेळ धरा. आणि मांजरांवर नजर ठेवा. आमच्या एका जुन्या कामात बारा नंबरच्या स्लॉटमध्ये चार पावलं अजून आहेत.

पर्वरीच्या सोसायटीकडे गेलेले पैसे मागू नका. दर तुम्हीच दिला होता. पण दोन वर्षांनी ते परत बोलावतील, पेव्हर आहे, बोलावतीलच. तेव्हा सेक्रेटरींना १३,००० आणि २०,८०० ही दोन पानं पाठवा, रंगाचा त्या वेळचा भाव घालून.